बिगर माईकचा कार्यक्रम

तुमी हसा बे, पण त्या दिवशी मला रडायचंच काय ते राहिलं होतं. आमच्या गावचे शाहीर आबा वारले, तर त्यांच्या आठवणीत त्यांचीच गाणी त्यांच्यासारखी म्हणायची, असं आमी ठरवलं. माईक न्हाई, बॉक्स न्हाई. एक तुणतुणं, एक डफ आन् चार गळे. पारावर लोकं जमली. आबांच्या बायकोला, आक्काला, मुद्दाम पुढं बसवलं.

पहिलं गाणं उचलणार, तेवढ्यात सरपंचांचा फोन. "घरी आवाज कावून येईना? लाईट गेली का?"

म्हणलं, "लाईट हाय. माईक आमीच न्हाई लावला."

"लाजू नको बे. आबा काय तुझ्या एकट्याचे होते? पाठवतो."

दहा मिनिटांत ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत जनरेटर! पाराला खेटून चालू केला. त्याला जोडायला आमच्याकडं साधा बल्ब नव्हता. बंद कर म्हणलं, तर ड्रायव्हर म्हणतो, "सरपंचानी सांगितलंय, कार्यक्रम संपल्याबिगर बंद करायचा न्हाई."

बेंबीच्या देठापासून सात गाणी ओरडलो. मग सरपंच स्वतः आले, जनरेटर बंद करायला लावला आन् हात जोडून म्हणाले, "लाईट नसली तरी आबांचा आवाज आपण बंद पडू दिला न्हाई!"

टाळ्याच टाळ्या.

त्या थांबल्या तशी आक्कानं माझी बाही ओढली. "आता तरी गाणी सुरू करा की रं, बाबा."