सोळा भेटी अन् एक वाटी

...नाही, तुमीच सांगा मले! ज्या मानसानं बावीस वर्षं कैद्याची भाकर मोडून पायल्याशिवाय आत जाऊ नाही देली, वरनाच्या बकेटीत पळी फिरवल्याशिवाय ताट नाही वाढू देलं, चप्पल दिसली का तिचा तळवा वाकवून पायला, त्या मानसाले एक दिवस जेलचे मोठे साहेब बोलावते अन् हसून म्हनते, "आनंदराव, तुमची निवड झाली." हसून! बावीस वर्षांत एकबी साहेब माह्याकडे पाहून हसला नव्हता जी. मी इचारलं, "कायची निवड, साहेब? कोनी केली? काहून केली? बाकीचे जमादार कुठी गेले?" तं साहेब म्हनते, "अहो, किती संशय घ्याल!" आता तुमाले सांगतो, मी शक नाही घेत कोनावर. मी फक्त इचारतो!

कोन्तं जेल ते नाही सांगत. नागपुरातलं हाय, बस. नोकरी चालू हाय माही अजून, अन् तुमच्यात कोन कोनाचा मानूस येऊन बसला हाय, मले काय मालूम? त्या तिसऱ्या लायनीतले भाऊ मघापासून लिहून काय राहिले?... असो. लिहा.

तं सन शहाऐंशीची गोष्ट. डॉक्टर शामलाबाई म्हनून एक मॅडम आल्या, पुन्याच्या, पन लंडनहून शिकून. त्याईनं तिकडून एक नवीन इलाज आनला, कॉग्निटिव्ह अ‍ॅनालिटिक थेरपी. नाव येवढं लांब का हजेरीपुस्तकाच्या रकान्यात मावे ना, म्हनून बाबूनं तिथी "बोलनं" येवढंच लिवलं. चार दिवस आमाले शिकवनी. खुर्चीवर बसवलं, पंखा लावला, चहा देला, अन् चहासंगं बिस्किट! सरकार जमादाराले बिस्किट देऊन राहिलं! मी म्हनलं आनंदराव, सांभाळ. कैद्याचं नाव सांगून हे लोक आपलंच डोकं तपासून राहिले. मी बिस्किट खिशात ठेवलं, पुरावा म्हनून.

मॅडम फळ्यावर मोठा गोल काढते अन् एकदम गोड आवाजात म्हनते, "जमादार, माणूस तीच चूक पुन्हा पुन्हा का करतो? कारण तो एका गोलात फिरत असतो, आणि आपण फिरतोय हे त्याला दिसत नाही. तुम्ही त्याच्यासोबत बसायचं, तो गोल शोधायचा. सोळा भेटी, फक्त सोळा. मध्ये एकदा त्याला पत्र लिहायचं, की तुझं मला काय समजलं. ते त्याच्या हातात द्यायचं. आणि शेवटच्या भेटीत दोघांनी एकमेकांना निरोपाचं पत्र द्यायचं."

मी हात वर केला. "मॅडम, थो खोटं बोलला तं?"

"बोलू द्या."

"अन् भेटीआधी झडती?"

"झडती नाही घ्यायची."

झडती नाही! अहो, मी लग्नात नवरदेव म्हनून घोड्यावर बसाच्या आधी खोगीर उचलून पायलं होतं! झडती नाही म्हने!

माह्या वाट्याले आला लहानू. कुही गावाकडचा, चाळिशीतला, घरफोडीत चौथ्यांदा आत. सुटला का तीन महिन्यांत वापस, इतका नेमानं का आमी त्याची वाकळ दुसऱ्याले देत नव्हतो. आता त्याच्या सुटकेले चार महिने बाकी होते, म्हंजे दर हप्त्याले एक, बरोब्बर सोळा भेटी. पहिल्या भेटीत मी त्याच्याकडे पाहून राहिलो, थो माह्याकडे पाहून राहिला. पन्नास मिनिटं! शेवटी मी म्हनलं, "काय लपवून राहिला बे?" तं थो म्हनते, "तुमी काय लपवून राहिले जी? हे सी.आय.डी.चं काम व्हय ना? खरं सांगा." मॅडमनं मधात बिस्किटाची प्लेट ठेवली होती. मी खाल्ल्याशिवाय थो खाये ना, थो खाल्ल्याशिवाय मी खात नव्हतो. सहा भेटी झाल्या, एक बिस्किट नाही सरलं. मुंग्या मात्र दर भेटीले येत, त्याईले कोनाचा शक नव्हता.

आता मधातच घरची गोष्ट सांगतो, काहून का खरं दुखनं थेच हाय. माही पोरगी चारुशीला वर्ध्याले नर्सिंग शिकते, होस्टेलात राहते. एकुलती एक. त्याच्या आदल्या साली सुट्टीत घरी होती तं तिच्या नावानं एक पाकीट आलं. मी काय केलं? काही नाही! चहाचं आधन ठेवलं होतं, त्याच्या वाफेवर पाकीट धरलं, जसं आफिसात कधीमधी धरा लागते, अन् हळूच उघडलं. आत काय, तं मैत्रीन कुसुमची चिठ्ठी, सहलीले किती पोरी येऊन राहिल्या त्याची. मी वाचून राहिलो, अन् मागं वळतो तं चारुशीला उभी! बोलली नाही जी. पोरगी भांडली असती तं बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली, अन् तवापासून सात महिने ना चिठ्ठी, ना ती. मी तीनदा लिवलं, "तू लिहित काहून नाही? काय झालं? कोन हाय? खरं सांग." जवाब नाही. रात्रीची भाकर गोड नाही लागत, खोटं काहून बोलू.

अन् इकडे माही बायको, भीमाबाई! दर गुरवारी, म्हंजे नेमकी माही सुट्टी, चार वाजले का एक स्टीलची वाटी घेते अन् शेजारच्या यमुताईकडे जाते. मी इचारतो, "कुठी चालली वं?" तं म्हनते, "यमुताईची वाटी वापस कराले." पुढच्या गुरवारी? वाटी वापस कराले. त्याच्या पुढच्या? वाटी! अहो, एक वाटी मानूस किती वेळा वापस करते? मी त्या वाटीले बुडाखालून खूण केली, खिळ्यानं. तीच वाटी! जाते अन् येते, जाते अन् येते. अन् येताना भीमाबाईचे डोळे कधी लाल, कधी एकदम खुशीत. मी शक नाही घेत जी. पन इचाराव नाही का मानसानं?

तं सातव्या भेटीत लहानूनं काय केलं का, एक बिस्किट उचललं, मुंग्या फुंकल्या अन् खाल्लं. आपसूक बोलाले लागला. "अकरा वर्साचा होतो जी. माय मले भिवापूरले घेऊन जाये, मिरचीचे देठ खुडाले. एक दिस एक पोतं गेलं. मालक म्हने, ज्याच्या हाताले मिरचीचा वास, थो चोर. समद्याइच्याच हाताले वास होता ना जी! पन हुंगले कोनाचे? माहे. समद्यात आंधी मालकानं हुंगले, मंग मुकादमानं, मंग..." थांबला. मले वाटलं पानी पाहिजे. "मंग मायनंबी हुंगले."

"मंग?"

"मंग काय? गावात काई गेलं का पोलीस माह्या दारी. पोलीस दिसला का म्या लपतो. लपलो का त्याईचा शक पक्का. मंग वाट्टे, हुंगनारच हायेत तं खरंच चोरी करून टाकू. तेवढंच डोयाले पानी येत नाई."

मले काय झालं मालूम नाही, मी त्याच्या हाताकडे पायलं. झडतीत रोज पायतो, पन त्या दिवशी पायलं. वाईट वाटलं जी. मी खडू घेतला अन् फरशीवर दोन गोल काढले. एका गोलात लिवलं "हुंगनारा", दुसऱ्यात "लपवनारा". इकडून बान तिकडे, तिकडून बान इकडे. हुंगते म्हनून लपवते, लपवते म्हनून हुंगते. लहानूनं माह्या हातातून खडू घेतला अन् हुंगनाऱ्याच्या गोलात नावं टाकली. मालक. मुकादम. माय. पोलीस. अन् खाली, जमादार.

"अबे, मी काहून? मी फक्त इचारतो!"

"हो जी," म्हनते, "थे बी इचारतच होते."

आता आली चिठ्ठी. रविवारी दिवसभर बसून लिवली, मॅडमनं सांगतलं तशी, "प्रिय लहानू"पासून. बायकोले कधी प्रिय लिवलं नाही, अन् घरफोड्याले लिहून राहिलो! मिरचीचं लिवलं, हाताचं लिवलं, मले वाईट वाटलं थे बी लिवलं. चांगली झाली होती चिठ्ठी. मॅडम काय म्हनल्या होत्या? हातात द्या. अन् मी काय केलं?... आमच्या इथला कायदा असा हाय, कैद्याच्या नावाचा कागद तपासनीतून गेल्याशिवाय बराकीत नाही जात. आईचा असो का वकिलाचा. बावीस वर्षांची सवय! पाय आपसूक तपासनीच्या टेबलाकडे वळले अन् मी माहीच चिठ्ठी माह्याच हातानं जेलर मनोहररावसाहेबाच्या ट्रेमंधी ठेवून आलो.

दोन दिवसांनी बोलावनं. साहेबाच्या हातात लाल पेन्सिल. "जमादार, हे 'प्रिय' काय आहे? कधीपासून चालू आहे?"

"साहेब, थे इलाजातलं हाय."

"आणि हे 'मला वाईट वाटलं'? शासकीय कर्मचाऱ्याला कैद्याबद्दल असं वाटलं तर आधी अर्ज करावा लागतो. मिरचीचा उल्लेख आहे, म्हणजे जेवणाची तक्रार दिसते. गावाचं नाव आहे, म्हणजे पळून जाण्याचा बेत. हे सगळं काढावं लागेल."

काळी शाई घेतली अन् फिरवली जी, फिरवली! लहानूच्या हातात गेली तवा चिठ्ठी अशी, "प्रिय लहानू..." मंग काळं... "तुझे हात..." काळं, काळं... "सगळे..." काळं... "तुझा आनंदराव जमादार." अन् वर भला मोठा शिक्का, तपासले.

लहानूनं चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. मले वाटलं रागावन. थो हसाले लागला, पोट धरून. मंग डोळे पुसून म्हनते, "जमादारसाब, सोताची चिठ्ठी सोताच तपासाले देली? सोतावरबी भरोसा नाई?" मी टोपी नीट केली. तं खालच्या आवाजात म्हनते, "घरीबी असंच चालते काय जी?"

सांगतो तुमाले, बावीस वर्षांत मले इतकी बारीक झडती कोनी नव्हती घेतली.

दुसऱ्या दिवशी गुरवार. चार वाजले. भीमाबाईनं वाटी घेतली. मी पलंगावर बसून दोन्ही हात मांड्याखाली दाबून धरले, तोंड मिटलं. ती दारापर्यंत गेली, थांबली. वळून पायलं. "जातो मी." मी म्हनलं, "जा." तिचा चेहरा उतरला! वाटी खाली ठेवली, जवळ आली अन् माह्या कपाळाले हात लावला. "काहून नाही इचारलं जी? ताप हाय का तुमाले?"

"नाही."

"मंग इचारा ना!"

"नाही इचारत."

ती तिथीच खाली बसली अन् रडाले लागली. अन् न इचारता सांगून टाकलं. चारुशीलाच्या चिठ्ठ्या यमुताईच्या पत्त्यावर येत होत्या. दर हप्त्याले. सात महिने! भीमाबाईले वाचता येत नाही, यमुताई वाचून दाखवे. माह्या पोरीची खुशाली शेजारीन वाचून राहिली होती अन् मी घरी बसून वाटीचं बूड तपासून राहिलो होतो. घरातच दोन गोल जी, अन् मी कोन्त्या गोलात बसलो थे सांगा लागत नाही.

सोळावी भेट झाली. निरोपाची चिठ्ठी या वक्ती मी हातात देली, मनोहररावसाहेब गेले चहाले. लहानूनं त्याच्या चिठ्ठीची घडी माह्या हातावर ठेवली. एकच ओळ होती, "जमादारसाब, म्या सुटलो, आता तुमीबी सुटा." थो सुटून दोन वर्षं होत आली, वापस नाही आला. मी रोज नवीन आमदनीचं, म्हंजे आत येनाऱ्या कैद्याइचं, रजिस्टर उघडून त्याचं नाव पायतो... शक नाही जी, काळजी. लहानूबद्दल खरंच काळजी.

अन् त्या सोळाव्या भेटीच्याच हप्त्यात मी चारुशीलाले लिवलं. एकबी प्रश्न नाही टाकला. चार वेळा "काहून" आलं, चारी वेळा खोडलं. येवढंच लिवलं का पोरी, चूक माही होती, आता तुह्या चिठ्ठीले हात नाही लावनार. पाकिटाले डबल गोंद लावला. एक महिना जवाब नाही. भीमाबाई वाटी घेऊन जाये अन् मी दाराकडे न पाहता बसून राहे.

मंग एक दिवस पोस्टमननं आवाज देला, "आनंदराव, पत्र!" यमुताईच्या नाही, माह्या दारात. माह्या नावानं. अन् काय होतं माहीत हाय? पोस्टकार्ड! सादं, पिवळं, उघडं. "बाबा, पाकीट नाही पाठवत, कार्डच पाठवते. उघडायला काही नाही आणि लपवायलाही काही नाही. दसऱ्याला येते, दीक्षाभूमीवर तिघं मिळून जाऊ. तुमची चारू."

चारदा वाचलं. डोळ्याले पानी आलं, सांगाले लाज कायची? भीमाबाईले वाचून दाखवलं, मी सोता, यमुताईनं नाही. तिनं ती वाटी धुतली अन् फळीवर पालथी ठेवून देली. सारं कसं ठीक झालं. ती चूल पेटवाले आत गेली, घरात मी एकटा, वर बल्ब लागलेला...

कार्ड बल्बसमोर धरलंच जी मी! या बाजूनं, त्या बाजूनं, कोपरा नखानं उकलून पायला, दोन कागद चिकटवले असन तं! आतून भीमाबाईचा आवाज आला, "दिसलं का काही?"

"नाही वं."

"मंग ठेवा आता खाली."

ठेवलं. काय करता? सोळाच्या सोळा भेटी त्या लहानूच्या झाल्या, माह्या कोनी घेतल्या?