डावीकडचे दोन टायर

गिरीधरराव : टायर तो टायर. गोल आहे, हवा धरतो. आणखी काय पाहिजे तुम्हांस, यशराव?

यश : अप्पा, झेन गाडीचा हा पुढचा डावीकडचा टायर बघा. एकशे पंचावन्न रुंदीचा. शेजारचा उजवीकडचा एकशे पंचेचाळीस. पुढच्या दोन चाकांना दोन मापं! ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढणार.

गिरीधरराव : रुंद असला की बळकट, म्हणून घेतला.

यश : आणि मागचा डावीकडचा तिसऱ्याच कंपनीचा का?

गिरीधरराव : दुकानात होता तो घातला. मैलापुरात देवळापाशी गाडी उभी करायला जागा मिळेना, आणि तुम्ही कंपनी पुसता!

यश : कुठलं दुकान?

गिरीधरराव : एक ह्या दुकानातला, एक त्या. काय म्हणून पुसता? पोलीस झालात काय?

यश : गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतो, त्याची ही खोड. एकाच दुकानदाराला दोनदा तोंड दाखवायचं नव्हतं, होय ना?

गिरीधरराव : अय्यो! लेकीस, सौम्यास सांगून जावयाच्या टाळूवर थंड तेल घालायला पाहिजे.

यश : विषय बदलू नका. डावीकडचे दोन्ही टायर गेले. रिमवर फूटपाथच्या काठाचे ओरखडे आहेत, तेही सगळे डावीकडेच.

गिरीधरराव : मद्रासचे रस्ते तसेच.

यश : रस्ते काय एकाच बाजूनं खराब असतात? बरं, मान वळवू नका. तुमच्या डाव्या हाताशी मी काय धरलंय, सांगा.

गिरीधरराव : किल्ली.

यश : लिंबू आहे, अप्पा.

गिरीधरराव : किल्लीच असते तुमच्या हाती नेहमी, म्हणून म्हटलं.

यश : तुम्हाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. कधीपासून?

गिरीधरराव : थोडं दिसतं. उजेड असला तर.

यश : आणि याच गाडीतून तुम्ही माझ्या इराला शाळेतून आणता! मला भयंकर राग येतोय, अप्पा. आणि भीती वाटतेय.

गिरीधरराव : इरा ह्या गाडीत बसत नाही. डोळा गेला तेव्हापासून आम्ही दोघं आटोरिक्षानं येतो.

यश : ती तर म्हणते, तात्ता आजोबा गाडीनं आणतात.

गिरीधरराव : मीच शिकवलं तसं. तुम्हांस कळतं तर नातीस माझ्याबरोबर पाठवता काय? शाळेपासून घरापर्यंत, तेवढीच ती माझी असते.

यश : मग गाडी रोज सकाळी बाहेर कशी पडते? शेजारच्यांनी सांगितलंय मला. मागचा उजवीकडचाही नवा आहे, तो चौथ्या कंपनीचा.

गिरीधरराव : तो माझा नव्हे.

यश : तो माझा नव्हे म्हणजे? आणि हे लिंबू पुढच्या चाकाखाली होतं. दसरा झाला, दिवाळी गेली, आणि लिंबू आजचं, ताजं! कोण चालवतं ही गाडी?

(अंबुजा पदराला हात पुसत पायरीवर येते.)

अंबुजा : मी.

यश : अम्मा, तुम्ही?

अंबुजा : यांस डावीकडचं दिसेना. गाडी विकू म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. मग विजयादशमीस मीच शिकायला बसले. आमच्यात नवी विद्या त्याच दिवशी धरतात. यांच्यासारखी डाव्या काठास घासू नये म्हणून जपत गेले, आणि उजवीकडच्या दुभाजकास घासली.

गिरीधरराव : चौथी कंपनी तिचीच.

यश : आणि रोज लिंबू?

अंबुजा : नव्या गाडीस ठेवतात. नव्या सारथ्यास काय म्हणून नको?

यश : लायसन तरी आहे का?

अंबुजा : परवा आलं. तुम्हांस कोणी सांगायचं, एवढ्यावरच अडलं होतं. हे म्हणत तू सांग, मी म्हणे तुम्ही सांगा.

यश : धन्य आहात दोघं! चला, दुकानात जाऊ. चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे. अम्मा, गाडी तुम्ही चालवा, मला बघू द्या. जमलं तर इराला आणायचं तुम्हीच.

गिरीधरराव : सरी, सरी, बरं. तुम्ही दोघी गाडीनं याल. मी घरी बसून काय करू?

अंबुजा : घरी कशास? माझ्या डावीकडे बसा. त्या बाजूचं मी बघीन.