विहीणबाईंनी पाठवलेला डबा

पावती नाही, पावती नाही, पावती नाही — किती वेळा सांगू गं बाई? तीनदा विचारलंस, तीनदा सांगितलं. अगं, मी विकत घेतलेलाच नाही, तर पावती येणार कुठून? आमच्या विहीणबाईंनी घेतलाय हा गेमचा डबा. माझ्या सुनेच्या आईने. त्या राहतात इथून आठ तासांवर, तिथे तुमच्याच दुकानाची शाखा आहे, हे बघ, खोक्यावर तुमचंच लेबल चिकटवलेलं आहे — मग घ्यायला काय होतंय? पैसे मागतेय का मी? छदाम नको. नुसता घ्या आणि टाका मागे कुठेतरी. पण माझ्या घरात हा परत येता कामा नये. रांग? असू दे रांग. रांगेतल्यांनीही ऐकावं. ते चष्मेवाले गृहस्थ बघ, त्यांच्याही हातात हेच! काय हो, कितव्या वर्षाला देताय? — चौदाव्या? मग न्या खुशाल, चौदाव्या वर्षी तसंही कोण कुणाचं ऐकतं. आमची नात तीनची आहे. तीन! मागच्या महिन्यात वाढदिवस झाला आणि त्याची ही भेट.

नाही, तूच सांग, तीन वर्षांच्या पोराला हे द्यायचं असतं का? तुझं आहे ना एखादं? — दीड वर्षाचं? मग बघच तू. तीन वर्षांचं पोर म्हणजे काय गं — चप्पल उजवी कुठली नि डावी कुठली कळत नाही, गुंडी लावता येत नाही, रडतंय ते भुकेने की झोपेने हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. आमच्या नातीला घरात भिंगरी म्हणतात. पायाला चक्र, घडीभर टेकायची नाही. मी ओरडायची, बस गं जरा, बस गं जरा — आता बसली! हा डबा टीव्हीला जोडल्यापासून टीव्हीपुढे ही अशी, तोंड उघडं, पापणी हलत नाही. घास भरवला की गिळते, काय खाल्लंस विचारलं तर पत्ता नाही. एकदा चित्रांचं पुस्तक पुढ्यात ठेवलं, तर त्यातल्या सशावर बोट दाबते. दाबतेय, दाबतेय, ससा काही उडी मारेना. मग माझ्याकडे बघून म्हणते, ‘‘आजी, पुस्तक बिघडलं.’’ पुस्तक बिघडलं! हसतेस काय? मीही आधी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

काय? खोक्यावर वयाचं लिहिलेलं असतं? वाचलंय मी, भिंग घेऊन वाचलंय. तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवा, बारीक भाग गिळण्याची भीती. म्हणजे तीन भरली आणि गिळलं नाही की झालं, सगळं आलबेल! आणि त्या डब्याने पोरच गिळलं तर, ते कुठे लिहिलंय? मुलाला म्हटलं, अरे, हे वय आहे का? तर म्हणतो, ‘‘आई, रोज अर्धाच तास.’’ मुलगा माझा, पण घड्याळ सासूचं! त्याचा अर्धा तास कधी संपलाच नाही. आणि दिवसभर असतो कोण घरात? हा आठच्या आत बाहेर, सून त्याच्याही आधी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पोरगी माझ्यापाशी. शी माझ्याकडे, शू माझ्याकडे, सांडलेलं दूध माझ्याकडे, दुपारी झोपताना माझाच कान धरून झोपायचं. आणि लाडाचं कोण? ती आठ तासांवरची!

अगं, मी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, पुढ्यात वायरींचा बोर्ड. याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही, हा नियम. लोकांची लग्नं जमली, मोडली, माणसं गेल्याचे निरोप आले — मी ऐकलं नाही. अठ्ठावीस वर्षं पाळलेला नियम या वयात मोडला, या डब्यापायी. का म्हणजे? याच्याबरोबरही एक हेडफोन आलाय. पोरीच्या डोक्यावर पातेलं घातल्यासारखा दिसतो. पलीकडे विहीणबाई, त्यांच्या धाकट्याचा असाच डबा आहे त्यांच्याकडे. पाच वाजले की दोघींचा खेळ सुरू. ही ससा, त्या अस्वल. छपरांवरून उड्या मारायच्या आणि गाजरं गोळा करायची. ‘‘अस्वलआजी, इकडे ये! अस्वलआजी, पडशील हं!’’ — अशी खिदळते, अशी खिदळते, की भिंतीपलीकडे ऐकू जावं. अस्वलआजी! आणि मी नुसती आजी. म्हणून एकदा मागे जाऊन बसले आणि कान लावला त्या हेडफोनला. म्हटलं, बघू तरी काय शिकवतात माझ्या पोरीला. तर विहीणबाई तिला विचारतायत, ‘‘तुझ्या त्या आजीचे गुडघे कसे आहेत गं? त्यांना जिना उतरायला लावू नकोस हं.’’ माझे गुडघे! माझ्या गुडघ्यांशी यांचा संबंध काय? मला असा संताप आला — अगं, चांगलं बोलल्याचाच जास्त येतो, तुला नाही कळायचं. दुसऱ्याच दिवशी मी हा डबा लपवला.

लपवला नाही गं, ठेवला. वर ठेवला. कपाटावर, रजयांच्या मागे. पोरीच्या भल्यासाठीच ना? विसरेल दोन दिवसांत, म्हटलं. मुलगा-सून विचारायला लागले की सांगू, बिघडला.

पण बघ ना, नशीब कसं — त्याच डब्यापायी पोरगी पडली. हनुवटीला तीन टाके! एवढीशी हनुवटी, त्यात तीन टाके घालायला जागा तरी आहे का? तो ससा छपरावरून पडतो आणि पुन्हा उभा राहतो, पुन्हा पडतो, पुन्हा उभा राहतो, तेच पाहून तिने उडी मारली. असं मी घरच्यांना सांगितलं. मुलगा इतका भडकला, दवाखान्यातूनच सासूला फोन लावला आणि बोलू नये ते बोलला. ‘‘तुमच्या कौतुकापायी माझी मुलगी मेली असती,’’ म्हणाला. विहीणबाई रडल्या. फोन त्याच्या कानाला होता, पण मला ऐकू येत होतं, मी शेजारीच होते. चार दिवस झाले आज. त्यांचा फोन नाही. सून बोलत नाही कुणाशी, नवऱ्याशी नाही, आईशी नाही, जेवायला वाढते आणि आत जाते. पोरगी पाच वाजता टीव्हीपुढे जाऊन उभी राहते. नुसती उभी. काल मला विचारते, ‘‘अस्वलआजी मेली?’’

तर घे हा डबा आणि मिटव एकदाचं. आज शेजारणीकडे पोरीला बसवून एवढा जिना उतरून आलेय मी. मुलगा फेकतो म्हणतोय, सून म्हणते माझ्या आईने दिलेलं फेकायचं नाही, म्हटलं आपणच गुपचूप —

काय? काय म्हणालीस?

डबा कपाटावर होता, तर खेळत कशी होती, म्हणतेस?

मोठी शहाणी आहेस गं. वस्तू परत घ्यायला बसवलंय की उलटतपासणीला? — खेळत नव्हती! झालं समाधान? खुर्चीवर स्टूल ठेवलं तिने. एवढीशी पोर, कधी ओढलं, कसं चढवलं, देव जाणे. आणि मी कुठे होते? गॅलरीत. फोनवर. जुन्या मैत्रिणीला विहीणबाईंच्या चहाड्या सांगत होते, पाऊण तास, आणि बाई, मजा येत होती मला. मग धाडकन आवाज. पोरगी खाली, खुर्ची आडवी, एक रजई अंगावर. खुर्ची मी उचलली. स्टूल आत नेलं. रजईची घडी घातली, अगं — रक्त वाहतंय आणि मी आधी रजईची घडी घातली! आणि दवाखान्यात ओठ सुजलेले, शब्द फुटत नाही पोरीला, तरी बोट छताकडे करून सांगतेय, ‘‘वर. आजी. वर.’’ सुनेला वाटलं उचलून घे म्हणतेय. ‘‘आई, घ्या ना तिला,’’ म्हणाली. मी घेतलं. खांद्यावर टाकून थोपटत राहिले. सगळ्यांत मला एकटीलाच कळत होतं, काय म्हणतेय ती.

कुणाला सांगितलं नव्हतं हे. तुला कशाला सांगितलं? तुझं तोंडही धड बघितलं नाही मी.

नको, पाणी नको. सरकव तो डबा इकडे. पावती नाही म्हणजे नाही, बरोबर आहे तुझं, माझी वस्तूच नाही, मी परत करणारी कोण? घरी नेते. पण पोरीला देणार नाही हं! अजूनही सांगते, शंभरदा सांगीन, तीन वर्षांच्या लेकराला हे द्यायचं नसतं. विहीणबाईंना सांगीन, तोंडावर सांगीन, खेळायचं असेल तर या इथे, मांडी घालून बसा तिच्यापुढे. पण आधी ते दुसरं सांगावं लागेल. त्यांना. आणि मुलासमोर. सुनेसमोर.

त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षं नंबरच लावले मी, मला नको कुणी लावून द्यायला. तू तुझं काम बघ. अशी बघत काय बसलीस माझ्याकडे? — या हो चष्मेवाले, या पुढे. माझं झालंय.