शंभरात आठ

मथुरा : पाच? शंभरात पाचच? मेल्या, काल तर दहा म्हणालास!

आत्माराम : काल दहाच होते, ताई. पण खेळातली तुझी ती चंद्रा गुहेतून सुटताना देवीला नवस बोलली होती. तो फेडायच्या आत पुन्हा हाक मारतेयस. म्हणून पाच कापले.

मथुरा : फेडायला वेळ कुठे दिलास? गुहेतून काढलंस ती थेट तुफानात नेऊन सोडलीस.

आत्माराम : तुफानात तूच शिरलीस. मी तीनदा विचारलं, डोंगराची वाट धरायची का. तर म्हणे, नाही, चंद्रा त्या होडीकडेच जाणार.

मथुरा : होडीत माणसं आहेत म्हणून!

आत्माराम : आहेत ना. चौदा आहेत. होडी भोवऱ्यात सापडलीय, चंद्रा खडकावर उभी आहे. पोहत गेली तर मरेल. आता देवीला हाक मारायची तर हे दोन दहा-दहा बाजूंचे फासे. एक दशकाचा, एक एककाचा. पाच किंवा कमी पडले तर देवी येईल, नाहीतर नाही. बोटीवर आमचा रेडिओ ऑफिसर हा खेळ चालवायचा ना, तो देवाच्या बाबतीत एका गुणाची सूट द्यायचा नाही.

मथुरा : इथे बावीस दिवस ह्यांच्या बोटीची खबर नाही. गुहागरला सासरी जीव रमेना म्हणून माहेरी आले. आणि भाऊ काय सांगतो, तर देव शंभरात पाच वेळाच येतो!

आत्माराम : तुझं मन रमावं म्हणूनच खेळ काढला ना गो. राहू दे का?

मथुरा : नको. पण नुसते फासे टाकून देव येतो होय? कुणी सांगितलं तुझ्या त्या ऑफिसरला?

आत्माराम : आणि आपले बाबा काय करतात? देवीला फुलांचे दोन ओले कळे चिकटवतात. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. तो कौल आणि हे फासे.

मथुरा : शहाणा आहेस! कौलाआधी गाऱ्हाणं घालावं लागतं. गुरवाचा मुलगा ना तू? बोटीवर जाऊन एवढंही विसरलास?

आत्माराम : बरं बाई, घाल गाऱ्हाणं. मनापासून घातलंस तर तीन वाढवीन.

मथुरा : हे बाय देवी म्हाराजा! सड्यावरच्या, खाडीवरच्या, बारा वाड्यांच्या धनिणी! आज ही तुझी लेक पदर पसरून उभी आहे. त्या होडीतली माणसं कुणाची ना कुणाची आहेत. त्यांच्या हातून काही चूकभूल झाली असेल तर पोटात घाल. ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं हातीपायी धड घरी आण. कपड्यांना तेलाचा वास येऊ दे, दाढी वाढलेली असू दे, पण...

आत्माराम : ताई, होडी शिडाची आहे. तिच्यात कसलं तेल?

मथुरा : होय म्हाराजा म्हण.

आत्माराम : होय म्हाराजा.

मथुरा : आता वाढव तीन.

आत्माराम : वाढवले. शंभरात आठ. हे टाकले बघ ह्या डब्याच्या झाकणाआड... चार! ताई, चार पडले! आली देवी! वारा पडला, भोवरा शांत झाला. देवीनं होडी अशी अलगद उचललीन आणि वाळूवर आणून ठेवलीन. चौदाही माणसं...

मथुरा : थांब.

आत्माराम : आता काय? जिंकलीस की.

मथुरा : फासे अजून खडखडत होते. तू आधीच चार म्हणालास.

आत्माराम : छे, काहीतरीच. चारच आहेत.

मथुरा : झाकण उचल.

आत्माराम : झाकणाआडचं खेळ चालवणाऱ्यानंच बघायचं असतं. तसा नियमच आहे.

(मथुरा बिस्किटांच्या डब्याचं झाकण बाजूला सारते.)

मथुरा : आठ आणि एक. एक्क्याऐंशी.

आत्माराम : जाऊ दे ना गो. खेळच तो.

मथुरा : परवा खेळात एका गुणासाठी माझा भालेकरी मारलास. मी किती विनवण्या केल्या. 'देव लाड पुरवत नाहीत, ताई' म्हणालास. आणि आज एक्क्याऐंशीचे चार करतोस?

आत्माराम : चार दिवसांनी आज पोटभर जेवलीस. म्हटलं, एवढा एक दिवस...

मथुरा : आतू, इकडे बघ. माझ्याकडे बघ म्हणते ना! तुला काय कळलंय?

आत्माराम : कुठे काय?

मथुरा : सकाळी रावजीच्या दुकानात फोन करायला गेलास. आल्यावर म्हणालास, मुंबईची लाइन लागली नाही.

आत्माराम : लागली होती.

मथुरा : मग?

आत्माराम : भावोजींच्या बोटीवर बॉम्ब पडला. तिकडे आखातात लढाई चाललीय ना, त्यात. टँकर जळला, ताई. काही माणसांना दुसऱ्या जहाजानं उचललं. नावं अजून कळली नाहीत. संध्याकाळी पुन्हा फोन करा म्हणाले.

मथुरा : किती उचलली?

आत्माराम : ताई...

मथुरा : आकडा सांग!

आत्माराम : चौदा.

मथुरा : आणि बोटीवर होती एकतीस. ह्यांनीच लिहिलं होतं मागच्या पत्रात. म्हणून तुझ्या होडीत चौदा होय रे?

आत्माराम : सकाळपासून डोक्यात तोच आकडा आहे. तोंडून कसा गेला, कळलंच नाही. तुला संध्याकाळी सांगणार होतो. शपथ.

मथुरा : आणि मी इथे खुळ्यासारखी खोट्या होडीसाठी रडतेय. बाबा! ओ बाबा! बाहेर या!

धोंडू : काय गो, काय झाला? कसला आरडाओरडा?

मथुरा : ह्यांच्या बोटीचं तुम्हाला ठाऊक होतं?

धोंडू : सांगितलान वाटतं ह्यानं. ठाऊक होता गो. सकाळीच कळला.

मथुरा : तरीच देवळातून यायला आज दोन वाजले तुम्हाला. कौल लावलात ना? उजवा दिलान की डावा?

धोंडू : लावला नाय.

मथुरा : खोटं बोलू नका, बाबा. एक खोटं झालं आत्ता, तेवढं पुरे.

धोंडू : देवीची आण. कळे भिजवले, हातात घेतले. गाऱ्हाणा पण घातला. पण हात काय मूर्तीपर्यंत जाईना. तीस वर्षां लावतोय गो. कुणाच्या पोरासाठी, कुणाच्या गुरासाठी, कुणाच्या विहिरीसाठी. कधी हात अडला नाय. आज कळे तसेच तांब्यात टाकले आणि बसून ऱ्हायलो.

आत्माराम : मग नकाच लावू, बाबा. दोन-तीन तासांत फोनवर नावं कळतीलच.

मथुरा : तू गप. फोन तू करच. पण तोवर मी इथे भिंतीकडे बघत नाही बसणार. बाबा, चला देवळात. मी पण येते. गाऱ्हाणं मी घालते, कौल तुम्ही लावा.

धोंडू : आणि डावा पडला तर?

मथुरा : रावजीच्या भावाच्या वेळी डावा पडला होता. त्याची बायको समोर उभी होती. तेव्हा काय केलंत?

धोंडू : सांगितला तिला. तोंडावर सांगितला.

मथुरा : मग मलाही तसाच सांगा.