आबा स्मृती विद्यालय

शाळाप्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण आई आणि साठीच्या एक बाई उभ्या होत्या. फाटकावरची दगडी पाटी वाचून तरुण आईनं विचारलं,

"काकू, हे आबा म्हणजे कोण हो?"

"माझे सासरे. शाळेला जागा त्यांनीच दिली. उद्घाटनाच्या आधी असे आजारी पडले, की डॉक्टरांनीही आशा सोडली. कमिटीनं घाईघाईत ही पाटी कोरून घेतली. आणि हे ठणठणीत होऊन घरी!"

"अगं बाई! मग पाटी?"

"दगडात कोरलेली, पुसणार कशी? आबा म्हणाले, असू दे, कधी ना कधी उपयोगी पडेलच."

"कमाल आहे!"

"पुढं वीस वर्षं दरसाल स्मृतिदिन! पोरं भाषणं ठोकायची, 'आज आबा आपल्यात नाहीत', आणि आबा पहिल्या रांगेत. एखादं पोर अडखळलं, की पुढचं वाक्य हेच सांगायचे. मग शाळेला सुट्टी."

"आणि खरंच गेले तेव्हा?"

"मीच मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. म्हटलं, आज तरी शाळा लवकर सोडा. तर म्हणाल्या, 'अहो, आबांची यंदाची सुट्टी मागच्याच महिन्यात देऊन झाली की!'"