मालाकी पणजोबांच्या जन्माचं साल

नाही, पण माणसाने दहा वर्षांत म्हातारं व्हावं तरी किती? तुम्हाला सांगतो, १९०१च्या जनगणनेत आमचे मालाकी पणजोबा पन्नास वर्षांचे आणि १९११च्या जनगणनेत... पंचाहत्तर! घर तेच, बायको तीच, ती आपली शिस्तीत दहा वर्षांनी वाढलेली, आणि हे गृहस्थ पंचवीस वर्षं पुढे! मला हवं काय होतं? एक साल. चार आकडे! जास्त काय मागितलं मी?

झालं काय, पणजोबांच्या कबरीवर नुसता लोखंडी क्रूस, तोही वाकलेला. आई एकोणनव्वदची. तिने फर्मान काढलं, "जुलैत फादर कबरींवर तीर्थ शिंपडायला येतील, अर्धा क्लेअर जिल्हा जमेल, त्याआधी माझ्या आजोबांवर दगड हवा. पुढच्या वर्षी मी तिथे उभी असेन की आडवी, कुणाला माहीत!" आणि तो पाथरवट फर्गल, रोज फोन! "साल सांगा हो दादा, साल! दगडावर खोडरबर चालत नाही!"

बसलो शोधत. बाप्तिस्म्याची वही पाण्याने फुगलेली, पाद्र्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून पळालेली, तरी तीन संध्याकाळी घालवून लावलं... १८५१. ठीक! पन्नास बरोबर! मग पंचाहत्तर कुठून आले? १९१०ची धंदेवाईकांची डिरेक्टरी काढली, तर त्यात छापलंय, 'मालाकी कॉन्सिडाइन, बेलगाम घोडे वठणीवर आणणारे.' चौऱ्याहत्तराव्या वर्षी? अहो, त्या वयात माणूस स्वतः पलंगावरून उतरला तरी घरचे टाळ्या वाजवतात!

शेवटी गेलो जुन्या दप्तरखान्यात. तिथल्या ॲट्रॅक्टाबाईंनी मान वर न करता विचारलं, "एकदम म्हातारे झालेत ना? तुमचेही?"

"आमचेही म्हणजे?"

"अहो, १९०९ला सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं, आणि एका हिवाळ्यात अख्खं गाव म्हातारं झालं! जन्माचा दाखला कुणाकडेच नाही. मग साहेब विचारायचा, १८३९चं ते मोठं वादळ आठवतं का? आठवतं म्हटलं, की पेन्शन."

आणि हसत हसत त्यांनी पणजोबांची जबानी पुढे ठेवली. "साहेब, मी तीन वर्षांचा. हातात उकडलेला बटाटा. छप्पर असं गेलं... आणि साहेब, माझा बटाटाही गेला!" जन्माआधी बारा वर्षं हरवलेला बटाटा! आणि खाली साहेबाचा शेरा, 'अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले.' मी एक साल मागतोय हो, चार आकडे, आणि हे मला बटाटा देतायत!

घरी आलो, आईसमोर सगळे कागद तारखेप्रमाणे मांडले. म्हटलं, "१८५१. लिहू दे फर्गलला."

आई म्हणाली, "१८३६ लिही."

"अगं, पण ते खोटं आहे!"

"त्या खोट्यावर माझ्या बापाच्या पायात पहिले बूट आले, दहा वर्षांचा असताना. तू आता आजोबांना त्यांच्याच कबरीवर खोटं पाडणार? आणि सरकारने वाचलं तर?"

"आई, शंभरावर वर्षं झाली!"

"तू सरकारला ओळखत नाहीस, बाळा."

कोरलं. १८३६. जास्त काय मागितलं होतं मी? रविवारी फादरांनी तीर्थ शिंपडलं, आईने दगडावरून हात फिरवला, आकड्यांवर जरा जास्तच वेळ, आणि तिचा चेहरा असा खुलला, की मी म्हटलं, जाऊ दे. तेवढ्यात बोस्टनहून आलेला एक दूरचा कॉन्सिडाइन वही उघडून पुढे सरसावला. "वा! मी मेला वेडा, पाच वर्षं १८५१ धरून बसलो होतो! दगडावर आहे म्हणजे पक्कं. आजच सगळ्या नातेवाइकांना दुरुस्ती कळवतो. माहिती कुणी शोधली म्हणून लिहू?"

आईने माझं पूर्ण नाव सांगितलं. पाऊस भुरभुरायला लागला होता. त्याची शाई फुटू नये म्हणून मी वहीवर छत्री धरली.