बुडालेल्या राज्याचा नकाशा

हसता काऊन बे? उभ्या मास्तरकीत मी एकदाच भ्यालो, अन् तेही एका नकाशापायी.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या भागात धरणाची मोजणी चालू होती. कागदाची गुंडाळी घेतलेला माणूस दिसला की नदीकाठच्या गावायचे चेहरेच उतरत. मी मलकापूरच्या रद्दीवाल्याकडून शाळेसाठी रोमन साम्राज्याचा एक जुना विलायती नकाशा घेतला, सायकलीले बांधला अन् निघालो. वाटेतल्या गावात पाणी प्यायले थांबलो, तर एका गड्यानं हँडलच धरलं.

"साहेब, उघडा तो कागद."

उघडला. मधोमध हा एवढा निळा समुद्र! पाहता पाहता सारं गाव भोवती जमलं.

"बापा, एवढं पाणी?" एक म्हातारी म्हणे. "आमचं गाव कोठी हाये याच्यात?"

"नाही आजी, तुमचं गाव याच्यात नाहीच!"

झालं. बायायनं रडणंच सुरू केलं. मागून आवाज आला, "याले जाऊ देऊ नका."

मी हात जोडले. "अहो, मी मास्तर हावो! हे इकडचं नाही, रोमचं राज्य हाये. ते तर कवाच बुडालं!"

हँडलवरचा हात सुटला. म्हातारीनं त्या निळ्यावर बोट ठेवलं अन् हळूच इचारलं,

"त्या लोकायले आगुदर सांगतलं होतं काय रे बाबू, का असंच पाणी सोडलं?"